घास ज्याचा त्याला घेऊ द्या

तीन वर्षांपूर्वी ऐन सुगीत आमच्या थोरल्या दादांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली. लगेच इस्पितळात नेले म्हणून जीव वाचला. घरी आणल्यावर सगळ्यांनी त्यांना फुलासारखे जपले. वहिनी घास भरवीत, सून कपडे घाली, रविवारी मी दाढी करून देई. व्यायाम नेमाने चालू होता, हातात थोडी ताकदही आली होती. पण दादा भिंतीकडे तोंड करून पडून राहत. एकदा म्हणाले, "आता मी या घरातलं गाठोडं झालोय. उचललं की उचललं, ठेवलं की ठेवलं."

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी चिठ्ठी दिली, "ओटी विभागात जा." मला वाटले, आता ऑपरेशन! पण ही ओटी म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी, मराठीत व्यवसायोपचार. तिथल्या बाईंनी विचारले, "काका, आजारापूर्वी सकाळी उठून पहिलं काम कोणतं करायचा?"

"गाईची धार काढायचो, ताई."

"मग तिथूनच सुरुवात करू."

हे नेमके काय शास्त्र?

'व्यवसाय' म्हणजे इथे पोटापाण्याचा धंदा एवढेच नव्हे. जेवण, आंघोळ, स्वयंपाक, शेतातले काम, मुलाचा खेळ, माणसाचा दिवस ज्या ज्या कामांनी भरतो ती सगळी त्यात आली. भौतिकोपचार, म्हणजे फिजिओथेरपी, मुख्यतः हालचाल आणि ताकद परत आणते. त्या ताकदीतून माणूस स्वतःचे काम पुन्हा कसे करील, हे व्यवसायोपचार पाहतो. त्यासाठी गरज पडल्यास अवजार बदलायचे, जागा बदलायची, कामाची रीत बदलायची. पूर्वी टोपल्या विणणे, हातमाग चालवणे असेही उपचार देत. त्यामुळे रोग्याचा वेळ घालवण्याचा हा उद्योग, असा गैरसमज झाला.

आपल्या देशात या शिक्षणाची पहिली शाळा १९५० साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात निघाली. ती काढली कमलाबाई निंबकरांनी. जन्माने अमेरिकन, पण लग्नानंतर त्या इथल्याच झाल्या. फलटणला १९६८ साली कृषी संशोधन संस्था काढणारे बनबिहारी निंबकर हे त्यांचेच चिरंजीव.

घरी काय केले?

बाईंनी सांगितलेल्या गोष्टी साध्या होत्या. चमच्याच्या दांड्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळून तो जाड केला. कमजोर मुठीत जाड दांडा टिकतो. सदरा घालताना आधी लुळा हात बाहीत घालायचा, काढताना आधी चांगला हात काढायचा. ताटाखाली ओले फडके ठेवायचे, म्हणजे ताट सरकत नाही. मोरीत पकडायला दांडी बसवली. मात्र अशा रोग्याला गिळता नीट येते का, हे डॉक्टरांकडून आधी तपासून घ्यावे, नाहीतर घास श्वासनलिकेत जातो.

सर्वात कठीण गोष्ट आम्हा घरच्यांसाठी होती. त्यांची धडपड पाहत हात बांधून बसायचे! पहिल्या दिवशी अर्धी आमटी सदऱ्यावर सांडली. वहिनींचे डोळे भरून आले, पण त्या जागच्या उठल्या नाहीत.

दादांना दोन्ही हातांनी धार काढणे आजही जमत नाही. ती सून काढते. पण पेंड मापून घालणे, वासरू सोडणे-बांधणे, दुधाचा हिशेब ठेवणे ही कामे दादांचीच. त्यांना विचारल्याशिवाय गोठ्यातले पान हलत नाही.

माझी नोकरी शेती-विस्ताराची. कित्येकांना आम्ही बी-बियाणे वाटणारे साहेब वाटतो. खरे म्हणजे शेतकऱ्याची शेती त्यानेच करायची. ती त्याला अधिक चांगली करता यावी एवढेच आमचे काम. व्यवसायोपचाराचेही तसेच आहे, हे मला दादांमुळे कळले.

तुमच्या घरी असा कोणी असेल, तर जिल्हा रुग्णालयात किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात या उपचाराची चौकशी जरूर करा. आणि आजच एक गोष्ट करा. त्याला विचारा, "तुला पुन्हा कोणतं काम करावंसं वाटतं?"