राज्य गेले, प्रार्थना राहिली

परशुरामाच्या डोंगराखाली राहणाऱ्या माणसाने ख्रिस्ती देवळाची हकिकत सांगायला बसावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. आम्ही लोट्याचे. मुंबईहून गोव्याकडे जाताना खेड मागे पडले, की परशुराम घाट लागण्याआधी आमचे गाव येते. पूर्वी इथे भातशेती, आंब्याफणसाची झाडे आणि घाटाच्या वाटेवर दम खाणारे वाटसरू, एवढीच काय ती वर्दळ. पुढे औद्योगिक वसाहत झाली, कारखाने आले, आणि कारखान्यांपाठोपाठ देशभरची माणसे आली. आता आमच्या गल्लीत सकाळी चार निरनिराळ्या भाषांत दूधवाल्याशी हुज्जत चालते.

अशाच एका शेजाऱ्यामुळे मी या विषयाकडे वळलो. गृहस्थ ख्रिस्ती, वयाने माझ्याहून बराच लहान, कारखान्यात पाळीवर जाणारा. मराठी इतके सफाईदार, की आडनाव कळेपर्यंत तो अलिबागकडचा कुणी आगरी किंवा माळी असावा असेच आम्ही धरून चाललो होतो. पण रात्री ओटीवर बसून तो आपल्या आईशी फोनवर बोलू लागला, की आमच्या सौभाग्यवतीचे कान टवकारले जात. ती मराठी नव्हती. कोकणीही नव्हती, कारण सौभाग्यवतीचे माहेर सावंतवाडीचे. शेवटी एकदा मी विचारलेच, “अहो, ही बोली कोणती म्हणायची?”

“नौ लिंग,” तो म्हणाला.

“म्हणजे?”

“म्हणजे आमची भाषा, काका. तिचं नावच तेवढं.”

पुढे उलगडा झाला तो असा. रायगड जिल्ह्यात रेवदंड्याच्या खाडीच्या दक्षिण काठावर कोर्लई नावाचे गाव आहे. तिथल्या हजारभर कॅथलिक ख्रिस्ती माणसांच्या घरात पोर्तुगीज भाषेपासून जन्मलेली एक बोली अजून नांदते. पोर्तुगीज तिथून गेले १७४० साली. त्याला आता पावणेतीनशेहून अधिक वर्षे लोटली. ज्यांचे राज्य गेले, किल्ला गेला, गलबते गेली, त्यांच्या भाषेचे रोपटे एका खेड्यात तग धरून राहावे, हे कसे झाले? या प्रश्नाचे उत्तर शोधत गेले, की माणूस गावातल्या माउंट कार्मेल मातेच्या चर्चच्या दाराशी येऊन थांबतो.

पण तिथे जाण्यापूर्वी थोडे मागे जायला हवे.

चौल हे बंदर फार पुरातन. अरबांच्या, इराण्यांच्या गलबतांना ते ठाऊक होते. अफनासी निकितीन हा रशियन प्रवासी पंधराव्या शतकात हिंदुस्थानात उतरला तो इथेच. पोर्तुगीजांना या बंदराची ओळख झाली ती मात्र रक्ताने. १५०८ साली चौलच्या समुद्रात मोठी आरमारी लढाई झाली आणि तीत पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मैदा याचा मुलगा लोरेंसु मारला गेला. तरी पोर्तुगीजांनी चिकाटी सोडली नाही. अहमदनगरच्या निजामशहाच्या परवानगीने त्यांनी १५२१च्या सुमारास इथे कोट बांधायला घेतला, आणि आजच्या रेवदंड्याच्या जागी तटबंदीचे शहर उभे राहिले. फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, जेझुइट, ऑगस्टिनियन अशा पंथोपपंथांच्या साधूंनी तिथे आपापली देवळे आणि मठ बांधले. आज नारळीपोफळीच्या वाड्यांतून हिंडताना त्यांच्या भिंती अवचित समोर येतात. सांता बार्बरेचा उंच मनोरा तर गावात ‘सातखणी’ म्हणूनच ओळखला जातो.

खाडीच्या पलीकडे, समुद्रात लांब जिभेसारखी गेलेली एक टेकडी आहे. तीच कोर्लईची टेकडी. ती ज्याच्या हाती त्याच्या तोफांखाली खाडीचे तोंड. निजामशहाने तिच्यावर किल्ला बांधायला काढला, तेव्हा पोर्तुगीजांच्या पोटात गोळा उठला. १५९४ साली त्यांनी हल्ला चढवून टेकडी घेतली आणि पुढे स्वतःच तिथे भक्कम किल्ला उभारला. किल्ला म्हटला की शिबंदी आली, आणि पोर्तुगीजांची शिबंदी म्हटली की पाद्री आला. किल्ल्यात चर्च झाले. पायथ्याशी वस्ती वाढली. शिपाई, हरकामे, शेतमजूर, बाटून ख्रिस्ती झालेली आसपासची कुटुंबे यांची ती वस्ती. या गरिबांच्या तोंडी पोर्तुगीज भाषा पडली आणि आपल्याकडच्या मातीत रुजून तिचे रूप पालटले.

आता आमच्या परशुरामाचा संबंध कुठे येतो ते सांगतो. घाटातले परशुरामाचे देवस्थान ही ब्रह्मेंद्रस्वामींची कर्मभूमी. १७२७ साली जंजिऱ्याच्या सिद्दीचा सरदार सिद्दी सात याने ते लुटले. स्वामी कोकण सोडून साताऱ्याजवळ धावडशीला गेले, पण अपमान विसरले नाहीत. बाजीराव आणि चिमाजी आप्पा हे दोघे बंधू त्यांना गुरुस्थानी मानीत. किनाऱ्यावरची परकी सत्ता मोडा, म्हणून स्वामींचा तगादा चालूच होता. १७३३ साली जंजिऱ्याची मोहीम सुरू झाली, आणि १७३६ साली रेवसजवळच्या लढाईत चिमाजी आप्पांच्या फौजेने सिद्दी साताला ठार मारले. पुढे पाळी पोर्तुगीजांची आली. १७३९च्या मे महिन्यात वसई पडली. वसईच्या चर्चमधल्या घंटा मराठी सरदारांनी विजयाची खूण म्हणून देवळांना वाहिल्या. नाशिकची नारोशंकराची घंटा त्यांतलीच. भीमाशंकरी गेलेल्या वाचकांनी तिथलीही पाहिली असेल.

वसई गेल्यावर चौलचा टिकाव लागणे कठीणच होते. इंग्रजांच्या मध्यस्थीने सप्टेंबर १७४० मध्ये तह झाला आणि पोर्तुगीजांनी चौल व कोर्लई मराठ्यांच्या स्वाधीन केली. ज्यांच्यापाशी जहाजाचे भाडे होते ते साहेब, व्यापारी आणि मठवाले गोव्याला निघून गेले.

ज्यांच्यापाशी ते नव्हते, ते राहिले. नांगर धरणाऱ्याने जायचे कुठे? शेत काही गलबतात भरून नेता येत नाही.

या मागे राहिलेल्यांची स्थिती मोठी चमत्कारिक झाली. शेजारचे हिंदू त्यांना जातीबाहेरचे मानीत, मुसलमानांशी सोयरीक शक्य नव्हती. तेव्हा लग्ने आपसात, सुखदुःखे आपसात, आणि बोलणेही आपसात. या भाषेचा अनेक वर्षे अभ्यास केलेले अमेरिकन भाषापंडित क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी तिच्या टिकण्याची जी कारणे दिली आहेत, त्यांत हे एकटेपण मोठे आहे. दुसरे कारण चर्च. राजा गेला तरी पाद्री येत राहिला. हिंदुस्थानातल्या पुष्कळ धर्मक्षेत्रांवर पोर्तुगालच्या राजाचा धार्मिक अधिकार पुढे कितीतरी काळ मानला जात होता, आणि त्या व्यवस्थेमुळे कोर्लईला पोर्तुगीज जाणणारे धर्मगुरू मिळत गेले. मिस्सा लॅटिनमध्ये होई, पण तिच्याभोवतीचे धर्मजीवन पोर्तुगीजमध्ये चाले. गावची बोली निराळी असली, तरी तिच्या डोक्यावर पोर्तुगीजचे छप्पर शाबूत राहिले.

या काठावरच्या तिच्या बहिणींना हे भाग्य लाभले नाही. मुंबईकडे अशीच एक बोली होती. गोव्यात जन्मलेले मोठे विद्वान पाद्री सेबास्तियाँव रोदोल्फु दाल्गादु यांनी १९०६ साली या उत्तरेकडच्या बोलींवर लेखन करून ठेवले. पण मुंबईत इंग्रजीचा बोलबाला झाला, तिथल्या ख्रिस्ती मंडळींनी १८८७ साली ‘ईस्ट इंडियन’ हे नावही धारण केले, आणि ती बोली विरून गेली. दमण-दीवला थोडे अवशेष उरले आणि इकडे कोर्लई उरली.

गेल्या वर्षी नाताळच्या सुमारास शेजाऱ्याने आग्रहच धरला, तेव्हा आम्ही उभयता त्याच्या गावी जाऊन आलो. महाडवरून कोलाड, तिथून रोहा आणि मग कुंडलिकेच्या काठाकाठाने साळाव, असा रस्ता. आधी किल्ला पाहिला. पायथ्याशी दीपगृह आहे, तिथून पायऱ्या चढून गेले की एकामागून एक दरवाजे लागतात. वर किल्ल्याची रुंदी इतकी कमी, की एका बाजूला खाडी आणि दुसऱ्या बाजूला अरबी समुद्र, दोन्ही मान वळवताच दिसतात. जुन्या चर्चच्या भिंती उभ्या आहेत, वर छप्पर म्हणून आभाळ. दगडांवर पोर्तुगीज लेख आहेत, ते वाचणारे कुणी नाही. सौभाग्यवतीने जोडे बाहेर काढले आणि मगच आत पाऊल टाकले. मी पाहतच राहिलो. ती म्हणाली, “देव असो नसो, जागा तर देवाचीच ना?”

खाली गावातल्या चर्चमध्ये मात्र छप्परही होते आणि माणसेही. नाताळची झाडलोट चालली होती. बायका लगबगीने ये-जा करीत होत्या, पोरे पायांत घुटमळत होती. किल्ल्यातल्या चर्चपाशी तोफा होत्या, तट होता, राजाचा खजिना होता. या चर्चपाशी शेतावर राबणाऱ्या माणसांच्या वर्गणीखेरीज दुसरे काय असणार? तरी टिकले ते हेच.

शेजाऱ्याच्या आईने आम्हाला घरी जेवायला नेले. मी सहज विचारले, “मावशी, नातवंडं बोलतात का तुमची बोली?”

“समजतं सगळं,” त्या म्हणाल्या. “मी बोलते त्यांच्याशी, आणि ती मराठीतून उत्तर देतात. शाळा मराठी, मित्र मराठी, टीव्ही मराठी. आणि आता चर्चमध्ये पण मराठीच. त्यांचं तरी काय चुकलं?”

हे ‘चर्चमध्ये पण मराठीच’ माझ्या मनात घोळत राहिले. १९६२ ते १९६५ या काळात रोमला भरलेल्या धर्मपरिषदेने उपासना लोकभाषेत करायला मुभा दिली. जगभर लॅटिन मागे पडली. कोर्लईची लोकभाषा कोणती धरायची? कागदोपत्री उत्तर सोपे होते. महाराष्ट्रातले गाव, तेव्हा मराठी. नौ लिंगमध्ये ना छापील ग्रंथ, ना शाळा. मिस्सा मराठीत सुरू झाली आणि पोर्तुगीजचे छप्पर निघाले. त्यानंतर १९८६ साली कुंडलिकेवर पूल झाला. ज्या रेवदंड्याला होडीने जावे लागे, तिथे मोटारी धावू लागल्या. शिक्षण, नोकरी, दवाखाना जवळ आला. आमचा शेजारी लोट्याला येऊन चार पैसे कमावतो, हे त्याच मोकळ्या झालेल्या वाटेचे फळ. ती वाट पुन्हा बंद व्हावी, असे कोण म्हणेल? पण ज्या एकटेपणाने बोली जपली, ते एकटेपण गेले ते गेलेच.

आपण मराठी माणसे इंग्रजीच्या नावाने बोटे मोडतो. आमची मुले मराठी वाचत नाहीत, म्हणून सभा भरवतो. कोर्लईच्या त्या घरात बसलो असता ध्यानात आले, की इथे मोठा मासा आपणच आहोत. आणि तरीही त्या माउलीच्या बोलण्यात मराठीविषयी कडवटपणा औषधालाही नव्हता. नसणारच. ख्रिस्ती धर्म आणि मराठी यांचे नाते काही कालचे नव्हे. फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने मराठी ओव्यांत रचलेले ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात रायतूरला छापले गेले. त्याच गोव्यात १६८४ साली व्हाइसरॉयने देशी भाषा मोडून काढण्याचे फर्मान काढले. सत्तेचे हुकूम असे उलटसुलट असतात. आणि उसनवारी तर दोन्हीकडून झाली आहे. आपण नाताळ म्हणतो, पाव, चावी, साबण, बटाटा, घमेले, लिलाव म्हणतो, ते शब्द पोर्तुगीजांचे. उलट कोर्लईच्या बोलीने शब्द पोर्तुगीज ठेवले, पण वाक्याची बैठक मराठीची उचलली. पोर्तुगीज माणूस क्रियापद वाक्याच्या मध्ये घालतो. कोर्लईची माणसे ते आपल्यासारखे शेवटी टाकतात.

त्या बोलीचे पुढे काय होणार, हे त्या घरातली पोरेच ठरवतील. त्यांच्यावर ओझे लादण्याचा आपल्याला अधिकार नाही. पण शेजारधर्म म्हणून काही गोष्टी करता येण्यासारख्या आहेत. आजीच्या तोंडची गाणी आणि गोष्टी नातवाने आपल्या फोनवर टिपून ठेवाव्यात, शाळेत गुरुजींनी वर्गात एखादे दिवशी नौ लिंगमधली गोष्ट सांगायला लावावी, म्हणजे ती बोली घराबाहेर बोलण्याची लाज पोरांना वाटणार नाही. शेजाऱ्याला मी हे बोलून दाखवले, तेव्हा तो हसून म्हणाला, “काका, पहिली गोष्ट तर मी आजच सुरू करतो.” आणि त्याने खरोखरच आईला अंगणात बसवून तिच्या लग्नातली गाणी टिपून घ्यायला सुरुवात केली. मावशी मध्येच एखादा शब्द विसरत, मग शेजारची म्हातारी कुंपणापलीकडून तो ओरडून सांगे.

मुरूड-जंजिऱ्याची सहल करणाऱ्या कुटुंबांना एवढेच सांगणे आहे. रेवदंड्याचा पूल ओलांडून पुढे जाल, तेव्हा उजव्या हाताला समुद्रात शिरलेली ती टेकडी दिसेल. किल्ला जरूर पाहा. मुलांना बुरूज दाखवा, तोफा दाखवा. पण उतरल्यावर घाईने गाडीत बसू नका. गावातून पायी एक फेरी मारा, चर्चपाशी क्षणभर थांबा, आणि ओट्यावर बसलेल्या दोन म्हाताऱ्या एकमेकींशी काय बोलत आहेत, तिकडे मुलांना कान देऊ द्या.