जुन्या लिथियम बॅटरीचे मोल

लिथियम-आयन बॅटरी चालते ती लिथियमच्या आयनांच्या येरझारांवर. बॅटरी वापरात असताना हे आयन ॲनोडमधल्या ग्राफाइटच्या थरांतून निघून समोरच्या कॅथोडमध्ये शिरतात आणि चार्जिंगच्या वेळी माघारी येतात. बॅटरीची किंमत किती, ती किती टिकणार, पेट घेण्याचा धोका किती, हे बऱ्याच अंशी कॅथोडच्या स्फटिकावर ठरते. ती निकामी झाल्यावर कोणी पैसे देऊन नेईल का, हेही त्याच स्फटिकावर ठरते. याकडे मात्र फार उशिरा लक्ष गेले.

जॉन गुडइनफ आणि सहकाऱ्यांनी १९८० साली ऑक्सफर्डमध्ये लिथियम कोबाल्ट ऑक्साइडचा कॅथोड तयार केला. जपानमध्ये अकिरा योशिनो यांनी १९८५ मध्ये त्याला कार्बनच्या ॲनोडची जोड दिली आणि १९९१ मध्ये सोनीने ही बॅटरी बाजारात आणली. सत्तरच्या दशकात या कल्पनेचा पाया घालणारे स्टॅनली व्हिटिंगहॅम यांच्यासह गुडइनफ आणि योशिनो या दोघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. पण या कॅथोडच्या वजनात ६० टक्के कोबाल्ट असतो. जगात खणल्या जाणाऱ्या कोबाल्टपैकी सुमारे ७० टक्के एकट्या काँगोतून येतो आणि तिथल्या हातखाणींत लहान मुलेही राबतात. शिवाय हा ऑक्साइड फार तापला की त्यातून ऑक्सिजन सुटतो आणि आयनांना वाट देणाऱ्या ज्वलनशील द्रवाच्या, म्हणजे इलेक्ट्रोलाइटच्या, आगीला आतूनच खतपाणी मिळते.

कोबाल्ट कमी करण्याचे दोन मार्ग निघाले. पहिल्यात निकेल आणि मँगनीज मिसळतात. निकेलचे आठ भाग, मँगनीज आणि कोबाल्टचा एकेक भाग, असे प्रमाण आता रूढ आहे. दुसऱ्या मार्गात कोबाल्ट पूर्णपणे काढून टाकला जातो. टेक्सास विद्यापीठात गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेत अक्षय पाढी आणि के. एस. नंजुंडस्वामी या भारतीय संशोधकांनी लिथियम आयर्न फॉस्फेटचा अभ्यास केला आणि तो १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. लोखंड स्वस्त आणि मुबलक. फॉस्फेटमध्ये ऑक्सिजन फॉस्फरसशी इतका घट्ट बांधलेला असतो की तापमान वाढले तरी तो सहजी सुटत नाही. अडचण एकच होती: या पदार्थातून वीज नीट वाहत नसे. कण अतिशय बारीक करून त्यांवर कार्बनचा पातळ थर चढवल्यावर ती दूर झाली. या कॅथोडचा व्होल्टेज थोडा कमी, म्हणून तेवढ्याच ऊर्जेसाठी बॅटरी जड होते. तरीही २०२४ मध्ये जगभरातल्या विद्युत वाहनांच्या बॅटऱ्यांत क्षमतेच्या हिशेबाने जवळपास निम्मा वाटा याच रसायनाचा होता.

ॲनोडमध्ये ग्राफाइटसोबत थोडे सिलिकॉन मिसळण्याचे प्रयत्न यशस्वी होत आहेत. सिलिकॉन ग्राफाइटच्या कितीतरी पट लिथियम सामावून घेते, पण फुगून तिप्पट-चौपट होते आणि तडकते. म्हणून त्याचे प्रमाण अजून मर्यादित आहे. सोडियम-आयन बॅटरीत लिथियमही लागत नाही. पुण्यातल्या केपीआयटी कंपनीने आयसर पुणेच्या सहकार्याने असे तंत्र विकसित करून डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केले.

आता पुनर्वापर. निकामी बॅटरी आधी पूर्ण डिस्चार्ज करतात, मग सुटी करून तिचा चुरा करतात. तांबे, ॲल्युमिनियम आणि प्लास्टिक वेगळे केल्यावर उरते कॅथोड आणि ग्राफाइटची काळी भुकटी, धंद्याच्या भाषेत ब्लॅक मास. हे काम उघड्यावर करणे घातक आहे. इलेक्ट्रोलाइटमधल्या क्षाराला पाणी लागले की हायड्रोजन फ्लोराइड हा अतिविषारी वायू तयार होतो आणि सेलमध्ये थोडा जरी चार्ज उरला असेल तरी चिरडताना आग लागू शकते.

धातू काढण्याची जुनी रीत भट्टीची. सुमारे १,४०० अंश सेल्सिअसला कोबाल्ट, निकेल आणि तांब्याचा मिश्रधातू मिळतो, पण लिथियम मळीत जाते. दुसऱ्या रीतीत काळी भुकटी सल्फ्युरिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये विरघळवून एकेक धातू वेगळा करतात. यात लिथियमही हाती लागते.

दोन्ही रीतींचा खर्च आजवर कोबाल्ट आणि निकेलच्या विक्रीतून निघत आला आहे. फॉस्फेटच्या कॅथोडमध्ये यांतले काहीच नाही. त्यात लिथियम जेमतेम साडेचार टक्के, बाकी लोखंड आणि फॉस्फेट. काँगोच्या खाणीपासून सुटका करणारी बॅटरी भंगाराच्या बाजारात त्यामुळेच कमी मोलाची ठरते. म्हणून आता लोखंडाला न विरघळवता फक्त लिथियम बाहेर काढण्याच्या पद्धती पुढे आल्या आहेत. त्याहून आशादायक वाट आहे कॅथोड न मोडण्याची. जुन्या फॉस्फेटचा सांगाडा बहुधा शाबूत असतो; आयनांच्या काही जागा रिकाम्या झालेल्या असतात आणि त्यांतल्या काही लोखंडाच्या अणूंनी अडवलेल्या असतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील संशोधकांनी २०२० मध्ये सायट्रिक आम्ल घातलेल्या लिथियम क्षाराच्या द्रावणात, ८० अंशांच्या आसपास, ही भुकटी पुन्हा कामाची करून दाखवली. अर्थात, त्यासाठी एकाच रसायनाची स्वच्छ भुकटी लागते. प्रत्यक्षात सगळ्या प्रकारच्या बॅटऱ्या एकत्र येतात आणि सेल डिंकाने इतके पक्के चिकटवलेले असतात की ते अखंड सुटे करणे कठीण जाते.

भारतात बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम २०२२ पासून लागू आहेत. जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची आणि त्यांच्या पुनर्वापराची जबाबदारी त्यांनी उत्पादकांवर टाकली आहे. विद्युत वाहनांच्या बॅटरीच्या कोरड्या वजनापैकी ९० टक्के सामग्री परत मिळवण्याचे बंधन २०२६-२७ पासून आहे. युरोपीय संघाच्या २०२३ च्या नियमात मात्र लिथियमसाठी स्वतंत्र उद्दिष्ट आहे: २०२७ च्या अखेरीस ५० टक्के आणि २०३१ च्या अखेरीस ८० टक्के. हा फरक मोठा आहे. बॅटरीच्या एकूण वजनात लिथियम इतके थोडे असते की ते सगळे मळीत गेले तरी वजनावर मोजलेल्या टक्केवारीत फारसे दिसत नाही.