उसाची जमीन, लिंबाची जमीन

'ऊस तरारतो त्या रानात लिंबू का येणार नाही?' कोल्हापूरच्या नदीकाठच्या गावांत हा समज घट्ट आहे. लिंबू येतं, पण टिकेलच असं नाही. लिंबू, मोसंबी, संत्रा या झाडांच्या अन्न घेणाऱ्या बारीक मुळ्या बहुतांशी वरच्या दीड-दोन फुटांत असतात आणि त्यांना पाण्याइतकीच हवा लागते. शिरोळ-हातकणंगल्याच्या भारी काळ्या रानात पाटपाणी तुंबलं की मुळ्या गुदमरतात, फायटोफ्थोरा बुरशी शिरते, बुंध्यातून डिंक वाहू लागतो. हाच डिंक्या रोग. पानं पिवळी दिसली की आपण खताचं पोतं फोडतो. दुखणं मात्र मुळाशी असतं. चिबड, क्षारपड जमिनीत तर ही झाडं लावूच नयेत.

रान काळं म्हणून वाईट नाही. मीटरभर खोल, खाली मुरूम, सामू साधारण 6 ते 7.5 आणि मोकळा चुना 10 टक्क्यांच्या आत असेल तर मध्यम काळी जमीन उत्तमच. चुनखडीत लोह आणि जस्त झाडाला मिळत नाही, पानं शिरांमधून पिवळी पडतात. फळ आंबट म्हणून जमीन आंबट लागते, या समजाला काहीच आधार नाही.

पाऊस जास्त तेवढं बरं, हेही खरं नाही. गगनबावड्याच्या उतारावर पाणी साचत नसलं, तरी महिनोन्‌महिने भिजलेल्या पानांवर खैऱ्या रोग फैलावतो, आणि कागदी लिंबू त्याला लवकर बळी पडतं.

सर्वांत महागात पडणारा समज म्हणजे बारमाही पाणी दिलं की बारमाही फळ. या झाडांची वाढ साधारण 13 ते 37 अंशांत होते. कडक थंडीत वाढ थांबून पुढे फुलं येतात. कोल्हापुरात तशी थंडी नाही, म्हणून पाणी तोडून ताण द्यावा लागतो. उसाच्या बांधावरच्या लिंबाला शेजारचं पाणी झिरपत राहतं; ताण बसत नाही, झाड नुसतं पानांनी माजतं. उन्हाळ्यातल्या चढ्या भावासाठी पावसाळ्याच्या शेवटी फुलणारा हस्त बहार धरायचा तर अडचण आणखी मोठी, कारण ताणाच्या दिवसांत परतीचा पाऊस येतो.

म्हणून ऊस असलेल्या शिवारात लिंबाला वेगळा तुकडा द्यावा: उंच गादीवाफा, मध्ये चर, ठिबक, कलमाचा जोड मातीपासून वीतभर वर. बुंध्याला पाणी लागू नये म्हणून दुहेरी आळं, आणि पावसाळ्यापूर्वी बोर्डो पेस्ट.