दिवाळखोर वकील ते देशबंधू : पत अशी कमावतात!

"सर, भांडवल नाही" असं मला रोज कुणीतरी म्हणतं. आज अशा माणसाची गोष्ट सांगतो, ज्याच्याकडे भांडवल तर नव्हतंच, वर डोक्यावर कर्ज होतं.

कलकत्त्याचे बॅरिस्टर चित्तरंजन दास. 1906 मध्ये कर्जापायी वडील आणि ते, दोघंही दिवाळखोर ठरले. पुढे अलीपूर बॉम्ब खटल्यात त्यांनी अरविंद घोष यांची बाजू लढवली. 1909 मध्ये अरविंद सुटले आणि दासबाबूंचं नाव झालं, कमाई वाढली. मग 1913 मध्ये त्यांनी काय केलं माहितीये? कायद्याचा तगादा नसतानाही जुनं सगळं देणं फेडून टाकलं!

1920 च्या नागपूर काँग्रेसनंतर असहकारासाठी त्यांनी हीच भरभराटीची वकिली सोडली. 1923 मध्ये मोतीलाल नेहरूंबरोबर स्वराज पक्ष काढला, 1924 मध्ये ते कलकत्त्याचे महापौर झाले. राहतं घरही लोकांसाठी दिलं. तिथे आज चित्तरंजन सेवा सदन हे रुग्णालय आहे.

माझंही पहिल्या वर्षी एका होलसेलवाल्याकडे बिल थकलं होतं. त्याने मागणं सोडलं, मी हप्त्याने फेडलं. लॉकडाऊननंतर दुकान उघडलं, तेव्हा पहिला माल उधारीवर त्यानेच दिला.

तुमचंही असं एखादं जुनं बिल असेल, जे आता कुणी मागत नाही. आजच फोन करा, हप्ता ठरवा. भांडवल उसनं मिळतं हो, पत स्वतःच कमवावी लागते.