नर्सिंगला प्रवेश मिळाला, आता पुढे?

बारावीनंतर आपल्या घरांतील मुलीही नर्सिंगला जातात, ही समाधानाची बाब आहे. जीएनएम 3 वर्षांचे, बी.एस्सी. नर्सिंग 4 वर्षांचे. प्रवेश झाला की आपण निश्चिंत होतो. पण खरी कसोटी पहिल्या वर्षी लागते. मराठी किंवा उर्दू माध्यमातून आलेल्या मुलीला शरीररचना, सूक्ष्मजीवशास्त्र इंग्रजीतून शिकावे लागते. वॉर्डातली ड्युटी सुरू होते, पुढे रात्रपाळीही येते आणि घरात कुरबुर सुरू होते. वर्गात विचारायला संकोच, घरात या क्षेत्रातले कोणी नाही. अशा वेळी हुशार मुलगीही खचते, शिक्षण अर्धवट सोडण्याचा विचार करू लागते.

तिला याच वाटेने गेलेली एखादी आपा हवी. आठवड्यातून तासभर बसून अवघड शब्द समजावणारी, शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत लक्षात आणून देणारी, रात्रपाळीत काम कसे चालते हे अम्मी-अब्बांना सांगणारी. आपल्या नात्यात, मोहल्ल्यात नर्स असलेल्या भगिनींनी एकेका मुलीची जबाबदारी घ्यावी, असे आम्हाला वाटते. त्यासाठी संस्था काढण्याची गरज नाही. पालकांनीही ‘पुरे झाले शिक्षण’ म्हणण्याआधी अशा आपाला घरी बोलवावे आणि तिचे ऐकून घ्यावे.