नऊ सामने, नऊ विजय आणि न मिळालेला 'शुगर बाऊल'

साखरेचं नाव कुठंही निघालं की आपले कान टवकारणारच. अमेरिकेतलं लुइझियाना राज्य हा उसाचा मुलूख. तिथल्या न्यू ऑर्लिन्स शहरात १९३५ पासून नववर्षाच्या सुमारास कॉलेजांच्या फुटबॉलचा एक मानाचा सामना होतो. त्याचं नाव 'शुगर बाऊल', म्हणजे साखरेचं भांडं. हे नाव उगाच पडलेलं नाही. याच शहरालगत एत्येन द बोरे नावाच्या मळेवाल्यानं १७९५ साली उसाच्या रसापासून धंद्याला परवडेल अशी दाणेदार साखर पाडून दाखवली आणि त्या मुलखात ऊस पसरला. मळ्यांत राबणारे हात मात्र आफ्रिकी गुलामांचे होते. ही गोष्ट पुढं लागणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

तिथला फुटबॉल म्हणजे कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पेठापेठांची ईर्षा लागते तो नव्हे. चेंडू अंड्याच्या आकाराचा. तो बगलेत मारून पळायचं आणि समोरच्या अकरा जणांनी धरून आपटायचं. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं सरकायचं, नाही जमलं तर चेंडू दुसऱ्यांकडं. थोडी कबड्डी, थोडी कुस्ती असा मामला. कॉलेजांचे असे सामने बघायला हजारोंनी लोक लोटतात आणि वर्षअखेरीच्या 'बाऊल' सामन्याचं बोलावणं आलं की कॉलेजच्या तिजोरीत चांगली भर पडते.

सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठ हे ख्रिस्ती पाद्र्यांनी चालवलेलं, तसं लहानच. १९५१ साली त्यांच्या संघाचे शिक्षक होते ज्यो कुहारिच. माणूस कडक. मोसमाआधी कॉर्निंग गावी रणरणत्या उन्हात त्यांनी पोरांना असं पिळून काढलं की पोरं ते मरेपर्यंत विसरली नाहीत. संघात सगळ्या तऱ्हेचे गडी. जिनो मार्केटी दुसऱ्या महायुद्धात लढून आलेला. बॉब सेंट क्लेअर साडेसहा फुटांहून उंच, आणि तो मांस कच्चंच खायचा. बर्ल टोलर आणि ऑली मॅट्सन हे दोघे कृष्णवर्णीय. टोलर अडवण्यात पटाईत, मॅट्सन पळण्यात. मॅट्सननं त्या मोसमात चेंडू घेऊन १,५६६ यार्ड मजल मारली. म्हणजे चौदाशे मीटरांवर धाव, तीही माणसांच्या भिंती फोडत. त्या वर्षी देशात त्याच्याइतकं कुणी पळालं नाही. न्यूयॉर्कला फोर्डहॅमविरुद्ध तर त्यानं सामना सुरू करणारा चेंडू झेलून दोनदा सरळ दुसऱ्या टोकाला नेला. तो सामना ३२-२६ असा जेमतेम निघाला, बाकीचे बहुतेक एकतर्फी. शेवटी लोयोलाला २०-२ नं हरवून नऊपैकी नऊ सामने खिशात.

आता बोलावणं येणार, असं सगळ्यांनाच वाटत होतं. विद्यापीठाला तर त्याची निकडच होती, कारण फुटबॉलपायी दरसाल हजारो डॉलरची तूट येत होती. ताळेबंदात तूट दिसली की सभेत काय होतं, हे सभासदांना सांगायला नको. एक मोठा सामना मिळाला असता तर तोंडमिळवणी झाली असती.

पण शुगर, ऑरेंज आणि गेटर हे तिन्ही बाऊल दक्षिणेतले. तिथं शाळा, बस, हॉटेल, सगळीकडं गोऱ्या-काळ्यांच्या जागा वेगळ्या. कृष्णवर्णीय खेळाडू असलेला संघ या मंडळींना नको, हे सॅन फ्रान्सिस्कोच्या एका नभोवाणी समालोचकानं त्याच वेळी उघड सांगितलं. संघातल्या खेळाडूंनी पुढं सांगितलं त्याप्रमाणं निरोप असा होता, की त्या दोघांना घरी ठेवा आणि या. पोरांनी मतदानबितदान काही घेतलं नाही. ऑली आणि बर्ल येत नसतील तर आम्हीही नाही, एवढंच.

बोलावणं दुसऱ्यांना गेलं. थोड्याच दिवसांत विद्यापीठानं खर्च झेपत नाही म्हणून फुटबॉलचा संघच बंद केला. सेंट क्लेअरचं एक वर्ष शिल्लक होतं, ते त्याला तुल्साला जाऊन पुरं करावं लागलं. आम्हाला विचाराल तर पोरांनी सोसलेल्या नुकसानीतलं हे सगळ्यात मोठं. सामना गेला तो गेला, पण ज्या मैदानावर घाम गाळला तेच मिटलं.

पुढच्याच उन्हाळ्यात, १९५२ साली, मॅट्सन हेलसिंकी ऑलिंपिकला गेला. ४०० मीटरमध्ये कांस्य आणि चार जणांच्या रिले शर्यतीत रौप्य घेऊन आला. त्याच हेलसिंकीत कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कुस्तीत कांस्यपदक जिंकत होते. खाशाबांच्या प्रवासासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी राहतं घर गहाण टाकलं होतं. दोघं एकमेकांना भेटले असतील का, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. पण एकाच गावात, एकाच ऑलिंपिकात होते, हे खरं.

शुगर बाऊलचा दरवाजा कृष्णवर्णीयांना उघडायला १९५६ चा जानेवारी उजाडला. पिट्सबर्गचा बॉबी ग्रायर मैदानात उतरला. विरोधी संघ जॉर्जिया टेकचा. त्यानं खेळूच नये म्हणून जॉर्जियाच्या गव्हर्नरनं जंग जंग पछाडलं, तेव्हा टेकचेच गोरे विद्यार्थी त्याच्याविरुद्ध रस्त्यावर आले. सामना झाला. पंचांनी दिलेल्या निर्णयात ग्रायरचीच चूक धरली गेली आणि त्याचा संघ ७-० नं हरला. त्या निर्णयाबद्दल वाद पुढं कैक वर्षं चालला.

सॅन फ्रान्सिस्कोच्या त्या एकाच संघातून मॅट्सन, मार्केटी आणि सेंट क्लेअर हे तिघं व्यावसायिक फुटबॉलच्या सन्मानदालनात गेले. संघाच्या बातम्या वर्तमानपत्रांना पुरवणारा पीट रोझेल नावाचा तरुण पुढं त्या व्यावसायिक फुटबॉलचा सर्वोच्च अधिकारी झाला. टोलरचं नशीब मात्र आखूड. १९५२ मध्येच गुडघा गेला आणि खेळ संपला. तो शिक्षक झाला, मग मुख्याध्यापक झाला. १९६५ साली शिट्टी घेऊन पुन्हा मैदानात उतरला, तो व्यावसायिक फुटबॉलचा पहिला कृष्णवर्णीय पंच म्हणून. २००९ साली तो वारला. २०१७ मध्ये विद्यापीठानं आपल्या एका वसतिगृहाचं जुनं नाव काढून तिथं टोलरचं नाव लावलं.