रस्त्याकडेच्या चरांतील गवत

पावसाचें पाणी वाहून जावें म्हणून मोठ्या रस्त्यांच्या दोहों बाजूंस चर खणतात, हें आमच्या वाचकांनीं पाहिलेंच असेल. त्यांतील गवत केव्हां कापावें, हा प्रश्न कोणास क्षुल्लक वाटेल. परंतु अमेरिकेंतील आयोवा व मिनेसोटा या शेतीप्रधान संस्थानांत त्याविषयीं कायदे झाले असून वादही माजले आहेत.

आयोवांत इ. स. २०१० पासून १५ जुलैपूर्वीं हें गवत कापण्यास मनाई आहे. याचें मुख्य कारण फेझंट नांवाचा पक्षी. (हा मूळचा आपल्या आशियांतलाच!) त्याची मादी गवतांत जमिनीवरच घरटें करून सुमारें २३ दिवस अंडीं उबविते, आणि यंत्र अगदीं जवळ येईपर्यंत पुष्कळदां जागची हलत नाहीं. मात्र राहत्या घरापासून २०० यार्डांच्या आंत, टपालपेटीपाशीं, अथवा वाहन हांकणारास पुढील वाट दिसत नसेल तेथें मोकळीक आहे. मिनेसोटांत रस्त्यालगतचे ८ फूट केव्हांही कापावे. बाकीचें ३१ जुलैनंतर.

शेतकऱ्यांचें म्हणणेंही पोकळ नव्हे. चरांतील गवत वाळवून ते गुरांसाठीं गंजी रचतात. गवत जून झालें कीं त्याचा कस जातो. मग ऑगस्टांत हातीं काय येणार? शिवाय कित्येक ठिकाणीं जमीन त्यांच्याच मालकीची, रस्त्यास केवळ वहिवाटीचा हक्क. म्हणून इ. स. २०१६ च्या अखेरीस मिनेसोटाच्या रस्तेखात्यानें कापणीपूर्वीं परवाना घ्यावा असें बजावतांच मोठी ओरड झाली, व २०१७ सालीं तेथील विधिमंडळानें ती सक्ती तहकूब केली.

तिसरा पक्षकार मुका आहे. मोनार्क नांवाचें फुलपांखरूं आपल्या रुईच्या कुळांतील झाडांवरच अंडीं घालतें. (आपल्याकडे रुईवर पट्ट्यापट्ट्यांचा सुरवंट दिसतो, तो त्याच्या भाऊबंदाचा.) तें झाड चरांत वाढतें, आणि अवेळीं कापलें तर अंडीं जातात. पण गंमत अशी कीं, योग्य वेळीं कापल्यास त्यास जी कोंवळी पालवी फुटते, ती फुलपांखरांस अधिकच आवडते!

यावरून सरसकट एकच तारीख आम्हांस सोयीची वाटते, न्यायाची वाटत नाहीं. एका वर्षीं रस्त्याची एक बाजू कापावी व दुसऱ्या वर्षीं दुसरी, असें आम्हीं सुचविलें असतें. परंतु ज्याचें शेत राखलेल्या बाजूस असेल, त्यानें त्या वर्षीं गुरांपुढें काय टाकावें?